पाठनिरीक्षण व प्रत्याभरण

वर्गात प्रत्यक्ष चालू असलेल्या अध्यापनाचे दुसऱ्या जाणत्या व्यक्तीने हेतुपूर्वक केलेले अवलोकन व त्याची नोंद म्हणजे पाठनिरीक्षण आणि त्या नोंदीच्या आधारे अध्यापकाला पुढील पाठ सुधारण्यासाठी पुरविलेली माहिती म्हणजे प्रत्याभरण होय. अध्यापन हा बहुतांशी बंद दारांआड चालणारा व्यवसाय आहे. वकील किंवा गवंडी यांचे काम त्यांच्या सहव्यावसायिकांच्या नजरेस वारंवार पडते. शिक्षक मात्र सेवेची तीस-पस्तीस वर्षे वर्गासमोर एकटाच उभा असतो. शिकविताना त्याचे लक्ष विषयाकडे व मुलांकडे असते. त्यामुळे आपण किती बोललो, कोणाला प्रश्न विचारले, उत्तरासाठी किती वेळ थांबलो, हे त्याचे त्यालाही नेमके सांगता येत नाही. ही उणीव भरून काढणे हे पाठनिरीक्षणाचे मुख्य प्रयोजन आहे.

पाठनिरीक्षणाच्या गेल्या सु. दोनशे वर्षांच्या इतिहासात दोन प्रवाह दिसतात. पहिला तपासणीचा. शाळेवर खर्च होणाऱ्या सार्वजनिक पैशाचा हिशेब मागणे, हा त्याचा उगम. दुसरा प्रशिक्षणाचा. शिकविणे ही शिकता येण्याजोगी कला असून ती पाहून, चर्चा करून व पुन्हा करून सुधारते, ही त्यामागील श्रद्धा. वर्गात मागे बसून पाठ पाहणे ही कृती दोन्हींत सारखीच. परंतु नोंद कोणासाठी लिहिली जाते, वरिष्ठासाठी की शिकविणाऱ्यासाठी, यावर तिचे फळ अवलंबून राहिले आहे.

इंग्लंडमधील तपासणी : ब्रिटिश पार्लमेंटने १८३३ मध्ये शाळागृहांसाठी २०,००० पौंडांचे पहिले अनुदान मंजूर केले. त्याच्या विनियोगावर देखरेख ठेवण्यासाठी १८३९ मध्ये शिक्षणविषयक समिती स्थापन झाली व त्याच वर्षी जॉन ॲलन व ह्यू ट्रेमनहीअर हे पहिले दोन शाळा-तपासनीस नेमण्यात आले. समितीचे चिटणीस जेम्स के (पुढे के-शटलवर्थ) यांच्या कारकीर्दीत निघालेल्या १८४० च्या सूचनांत तपासणीचा हेतू नियंत्रण नसून साहाय्य हा आहे, असे स्पष्ट केले होते. तपासनिसाने शाळाशाळांतून हिंडावे, एका ठिकाणची चांगली पद्धत दुसऱ्या ठिकाणी सांगावी व शिक्षकाला धीर द्यावा, अशी त्यात अपेक्षा होती.

ही भूमिका फार काळ टिकली नाही. अनुदानाची रक्कम वाढत गेली, तशी काटकसरीची मागणीही वाढली. न्यूकासल आयोगाच्या (१८५८–६१) अहवालानंतर रॉबर्ट लो यांनी १८६२ मध्ये सुधारित संहिता अंमलात आणली. तीनुसार नियमित उपस्थित राहणाऱ्या मुलामागे ठरणाऱ्या १२ शिलिंगांपैकी ४ शिलिंग उपस्थितीबद्दल मिळत व उरलेले ८ शिलिंग वाचन, लेखन व अंकगणित या तीन विषयांतील परीक्षेवर अवलंबून राहत. एका विषयात मूल नापास झाले, की २ शिलिंग ८ पेन्स कापले जात. ही परीक्षा तपासनीसच घेई. शिक्षकाचा पगार बहुधा या अनुदानाशी निगडित असल्याने तपासनिसाच्या भेटीचा दिवस हा शिक्षकाच्या मिळकतीचा दिवस ठरला.

परिणाम लवकरच दिसू लागले. १८५१ पासून तपासनीस असलेले कवी व समीक्षक मॅथ्यू आर्नल्ड (१८२२–८८) यांनी आपल्या वार्षिक अहवालांतून या पद्धतीवर सातत्याने टीका केली. परीक्षेतील विषयांखेरीज अन्य विषय मागे पडतात, अध्यापन यांत्रिक होते आणि तपासनीस व शिक्षक यांच्यातील बौद्धिक संवाद संपतो, असे त्यांचे म्हणणे होते. मुले वाचनाचे पुस्तक पाठ करून टाकीत. वाचता येत नसतानाही ती उत्तीर्ण होऊ शकत. तपासनिसाला पाठ पाहण्यास वेळ उरत नसे. तो एकामागून एक मुलाची परीक्षा घेऊन रकाने भरी. १८९० नंतर ही पद्धत टप्प्याटप्प्याने रद्द झाली. प्राथमिक शाळांचे प्रमुख तपासनीस म्हणून काम केलेले एडमंड होम्स यांनी निवृत्तीनंतर १९११ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात तिची कठोर चिकित्सा केली. एका पिढीला लागलेली आज्ञाधारक, यांत्रिक अध्यापनाची सवय कायदा रद्द झाल्यानेही सुटली नाही, असा त्यांचा निष्कर्ष होता.

मुंबई इलाखा : महाराष्ट्रात शालेय तपासणीची सुरुवात शिक्षक-प्रशिक्षणाच्या हातात हात घालून झाली. बाळशास्त्री जांभेकर यांनी मराठी शाळांचे तपासनीस म्हणून काम केले आणि शिक्षक तयार करण्यासाठी मुंबईत काढलेल्या अध्यापक-वर्गाचेही ते प्रमुख होते. शाळा पाहणारी व्यक्ती हीच शिक्षक घडविणारी व्यक्ती असणे, हा योग पुढे क्वचितच जुळून आला.

वुडच्या १८५४ च्या खलित्यानुसार प्रत्येक प्रांतात शिक्षणखाते निर्माण झाले व तपासनिसांची उतरंड उभी राहिली. तालुक्यांतील शाळा पाहणारा डेप्युटी इन्स्पेक्टर खेड्यापाड्यांतून ‘दिपोटी’ या नावाने ओळखला जाई. अनुदानित शाळांसाठी मुंबई इलाख्याने इंग्लंडप्रमाणेच परीक्षेच्या निकालावर अनुदान देण्याची पद्धत स्वीकारली. दिपोटी यावयाचे म्हटले, की शाळा सारवली जाई, मुलांना धुतलेले कपडे घालून येण्याची ताकीद मिळे आणि ठरलेल्या प्रश्नांची ठरलेली उत्तरे घोकून घेतली जात. भेटीनंतर शेरेपुस्तकात चार ओळी लिहिल्या जात व पुढील भेटीपर्यंत कारभार पूर्ववत चाले.

या व्यवस्थेचे मर्म महात्मा जोतीराव फुले यांनी अचूक ओळखले होते. हंटर आयोगाला त्यांनी ऑक्टोबर १८८२ मध्ये सादर केलेल्या निवेदनात प्राथमिक शाळांवरील देखरेख सदोष व अपुरी असल्याचे म्हटले आहे. डेप्युटी इन्स्पेक्टरने वर्षातून एकदा शाळेला भेट देण्याने काही साधत नाही. शाळा निदान तीन महिन्यांतून एकदा तरी पाहिल्या जाव्यात आणि काही भेटी पूर्वसूचनेशिवाय व्हाव्यात, अशी त्यांची मागणी होती. त्याच निवेदनात प्राथमिक शिक्षक प्रशिक्षित असावेत, शेतकरी वर्गातून यावेत व त्यांना पुरेसे वेतन मिळावे, असाही आग्रह आहे. तपासणी वाढवा आणि शिक्षकाची पात्रता व प्रतिष्ठाही वाढवा, या दोन मागण्या त्यांनी एकत्र मांडल्या, हे लक्षणीय आहे. खात्याने पुढे पहिल्या मागणीतील दरारा तेवढा उचलला. निकालावर आधारित अनुदानाचा मात्र लॉर्ड कर्झन यांच्या काळातील १९०४ च्या शैक्षणिक धोरणविषयक ठरावाने त्याग केला.

अध्यापनविद्यालयांतील पाठचर्चा : तपासणीचा प्रवाह असा चालू असताना शिक्षक-प्रशिक्षणाच्या संस्थांत निरीक्षणाची वेगळी प्रथा आकार घेत होती. स्कॉटलंडमध्ये डेव्हिड स्टो (१७९३–१८६४) यांनी १८३७ मध्ये ग्लासगो येथे उभारलेल्या अध्यापनविद्यालयात प्रशिक्षणार्थी सर्वांसमक्ष पाठ देत व त्यावर सहाध्यायी आणि अध्यापक चर्चा करीत. जर्मनीत हर्बार्टच्या परंपरेतील व्हिल्हेल्म राइन (१८४७–१९२९) यांनी येना विद्यापीठाला जोडलेल्या प्रायोगिक शाळेत पाठाची तात्त्विक तयारी, प्रत्यक्ष पाठ आणि त्यावरील परिषद असे तीन टप्पे रूढ केले. ‘हर्बार्टची पंचपदी’ म्हणून मराठी शिक्षकांना परिचित असलेली पाठरचना याच परंपरेतून भारतातील प्रशिक्षण महाविद्यालयांत आली आणि पाठ टाचणाचा साचा तिच्यावर बेतला गेला.

या प्रथेचा गुण असा, की पाठ पाहणारे स्वतः शिकविणारे असत व चर्चेनंतर त्यांनाही उभे राहावयाचे असे. तिचा दोष म्हणजे चर्चा पुष्कळदा साच्याभोवती फिरे. प्रस्तावना किती मिनिटे झाली, फलकलेखन ठरल्याप्रमाणे झाले की नाही, याची नोंद होई. मुलांना काय कळले, याची होत नसे.

जपानमधील पाठाभ्यास : मुलांच्या आकलनाकडे पाहण्याची परंपरा सर्वांत दृढपणे जपानमध्ये रुजली. मेजी कालखंडात १८७२ मध्ये तोक्यो येथे पहिले अध्यापनविद्यालय निघाले व नव्या वर्गाध्यापनाची पद्धत शिक्षकांनी एकमेकांचे पाठ पाहून आत्मसात केली. हर्बार्टचा विचारही तेथे १८८७ नंतर एमिल हाउसक्नेख्ट या जर्मन अध्यापकामार्फत पोहोचला. त्यातून विकसित झालेली ‘जुग्यो केनक्यू’ म्हणजे पाठाभ्यासाची पद्धत आजही जपानी प्राथमिक शाळांत प्रचलित आहे. शाळेतील काही शिक्षक एखादा कठीण घटक निवडतात, त्यावरील पाठ काही आठवडे एकत्र बसून आखतात व त्यांपैकी एक जण तो वर्गात घेतो. बाकीचे टाचण हाती घेऊन भिंतीलगत किंवा बाकांमधून फिरत मुलांच्या वह्या पाहतात, त्यांचे तर्क टिपून घेतात. शाळा सुटल्यावर चर्चा होते व पाठ सुधारून कधीकधी दुसऱ्या वर्गात पुन्हा घेतला जातो.

येथे निरीक्षणाचा विषय शिक्षक नसून पाठ असतो. पाठ सर्वांनी मिळून आखलेला असल्याने त्यातील दोष एकट्याच्या माथी मारला जात नाही. जेम्स स्टिग्लर व जेम्स हीबर्ट यांनी जर्मनी, जपान व अमेरिका येथील आठव्या इयत्तेच्या गणिताच्या २३१ पाठांच्या चित्रफितींचा अभ्यास करून १९९९ मध्ये द टीचिंग गॅप हा ग्रंथ प्रसिद्ध केला. त्यानंतर ही पद्धत अन्य देशांतही परिचित झाली.

वस्तुनिष्ठ नोंदीची तंत्रे : पाहणाऱ्याचे मत व पाहिलेली वस्तुस्थिती यांत फरक करण्याचे प्रयत्न विशेषतः अमेरिकेत झाले. रोमिएट स्टीव्हन्स यांनी लघुलेखकांकडून पाठ शब्दशः उतरवून घेतले व १९१२ मध्ये दाखवून दिले, की शिक्षक मिनिटाला दोन ते चार प्रश्न विचारतात. इतक्या वेगात मुलांना विचार करण्यास अवसरच राहत नाही व प्रश्न बहुधा स्मरणापुरतेच राहतात. नेड फ्लँडर्स यांनी वर्गातील आंतरक्रियेचे दहा प्रकार निश्चित केले. त्यांपैकी सात शिक्षकाच्या बोलण्याचे, दोन विद्यार्थ्यांच्या बोलण्याचे व एक शांततेचा किंवा गोंधळाचा आहे. निरीक्षकाने दर तीन सेकंदांनी त्या क्षणी चाललेल्या प्रकाराचा अंक लिहावयाचा. अशा नोंदींवरून त्यांनी ‘दोन तृतीयांशाचा नियम’ मांडला : वर्गातील दोन तृतीयांश वेळ कोणीतरी बोलत असते, त्यातील दोन तृतीयांश बोलणे शिक्षकाचे असते, आणि शिक्षकाच्या बोलण्यातील दोन तृतीयांश भाग सांगणे, आज्ञा देणे वा दोष दाखविणे यांचा असतो. मेरी बड रो यांना १९७० च्या सुमारास असे आढळले, की प्रश्न विचारल्यावर शिक्षक सरासरीने सु. एक सेकंदच थांबतात. हा अवधी तीन सेकंदांपर्यंत वाढविला, तर मुलांची उत्तरे लांब होतात व एरव्ही गप्प राहणारी मुलेही बोलू लागतात.

या तंत्रांनी प्रत्याभरणाचे स्वरूप बदलले. उदा., ‘प्रश्नांचे वितरण सुधारावे’ हा शेरा शिक्षकाला काहीच सांगत नाही. त्याऐवजी निरीक्षकाने बैठकीचा नकाशा काढून ज्या मुलाला प्रश्न गेला, त्याच्या जागी खूण केली व पाठानंतर तो कागद शिक्षकापुढे ठेवला, तर सगळ्या खुणा पुढच्या दोन रांगांत दाटल्या आहेत आणि खिडकीकडील मुलींच्या बाकांवर एकही नाही, हे शिक्षकाला न सांगताच दिसते. दुसऱ्या दिवशी काय करावयाचे, हेही त्यालाच उमगते.

सूक्ष्म अध्यापन व चिकित्सक पर्यवेक्षण : नोंदीला लगेच पुनःप्रयत्नाची जोड देणारी पद्धत म्हणजे सूक्ष्म अध्यापन. ड्वाइट ॲलन व त्यांचे सहकारी यांनी १९६३ मध्ये स्टॅनफर्ड विद्यापीठात ती विकसित केली. एका वेळी एकच कौशल्य, थोडे विद्यार्थी व पाच-दहा मिनिटांचा पाठ, त्यावर चित्रफीत व निरीक्षण यांच्या साहाय्याने प्रत्याभरण आणि मग पुनर्नियोजन करून तोच पाठ पुन्हा, असा तिचा क्रम आहे. भारतात बी. के. पासी प्रभृतींनी तिचा पुरस्कार केला व राष्ट्रीय शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषदेने तिला चालना दिली. चित्रफितीची साधने दुर्मिळ असल्याने येथे सहाध्यायीच विद्यार्थी व निरीक्षक झाले. अध्यापन सहा, प्रत्याभरण सहा, पुनर्नियोजन बारा, पुनरध्यापन सहा व पुन्हा प्रत्याभरण सहा अशी छत्तीस मिनिटांची भारतीय चौकट ठरली. महाराष्ट्रातील बी. एड्. अभ्यासक्रमांत सूक्ष्मपाठ, सेतुपाठ व सराव पाठ हा क्रम तिच्यामुळे रूढ झाला. मात्र कौशल्यांचे तुकडे जोडून सलग अध्यापन आपोआप तयार होत नाही, ही तिची मर्यादाही अनुभवास आली.

नोकरीत असलेल्या शिक्षकांसाठी हार्व्हर्ड विद्यापीठात मॉरिस कोगन व रॉबर्ट गोल्डहॅमर यांनी चिकित्सक पर्यवेक्षणाची पद्धत घडविली. गोल्डहॅमर यांच्या १९६९ च्या ग्रंथात तिच्या पाच पायऱ्या दिल्या आहेत : पाठापूर्वीचे संभाषण, निरीक्षण, नोंदींचे विश्लेषण, शिक्षकाशी चर्चा आणि पर्यवेक्षकाने स्वतःच्या कामाचे केलेले परीक्षण. पहिल्या पायरीत शिक्षकच निरीक्षकाला काय पाहावयाचे ते सांगतो, तर शेवटच्या पायरीत पाहणाऱ्याचीही तपासणी होते. जुन्या तपासणीत या दोन्ही गोष्टींचा मागमूस नव्हता.

स्वातंत्र्योत्तर भारत : माध्यमिक शिक्षण आयोगाने (१९५२–५३) तपासनिसाने सल्लागाराची भूमिका घ्यावी व शैक्षणिक तपासणी तज्ञांच्या मंडळाकडून व्हावी, अशी शिफारस केली. कोठारी आयोगाने (१९६४–६६) प्रशासन व पर्यवेक्षण यांची फारकत सुचविली. जे. पी. नाईक (१९०७–८१) हे या आयोगाचे सदस्य-सचिव होते. दरवर्षीची सर्वसाधारण तपासणी वेगळी व तीन ते पाच वर्षांनी होणारी सखोल शैक्षणिक पाहणी वेगळी असावी, तसेच जवळच्या शाळांचा समूह करून शिक्षकांनी परस्परांना साहाय्य करावे, असे आयोगाचे मत होते. महाराष्ट्रात १९६२ मध्ये जिल्हा परिषदा स्थापन होऊन प्राथमिक शाळांची देखरेख त्यांच्याकडे आली. १९८६ च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानंतर जिल्हा शिक्षण व प्रशिक्षण संस्था निघाल्या आणि १९९४ मध्ये महाराष्ट्रात केंद्रप्रमुखाचे पद निर्माण झाले. दहा-बारा शाळांना वारंवार भेट देणारा, शिकविण्यात मदत करणारा ज्येष्ठ सहकारी अशी या पदाची कल्पना होती. माहिती गोळा करणे, योजनांचे अहवाल व बैठका यांचा भार वाढत गेला, तसा वर्गात बसण्याचा वेळ आक्रसला. के-शटलवर्थ यांच्या तपासनिसांच्या बाबतीत जे घडले, त्याचीच ही सौम्य आवृत्ती म्हणता येईल.

फलश्रुती व मर्यादा : प्रत्याभरण नेहमीच हितकारक असते, असे नाही. आव्राहाम क्लुगर व अँजेलो डेनिसी यांनी १९९६ मध्ये निरनिराळ्या क्षेत्रांतील संशोधनांचे एकत्रित विश्लेषण केले. त्यात सरासरीने लाभ दिसला; परंतु एक तृतीयांशाहून अधिक प्रसंगी प्रत्याभरणामुळे कामगिरी उलट खालावली होती. लक्ष कामावरून हटून स्वतःच्या मानापमानाकडे वळले, की असे होते, हे त्यांचे स्पष्टीकरण शिक्षकाच्या बाबतीत विशेष मननीय आहे.

अमेरिकेत २००९ नंतर गेट्स प्रतिष्ठानच्या साहाय्याने सु. तीन हजार शिक्षकांच्या पाठांचा अभ्यास झाला. एका निरीक्षकाने एका पाठावरून दिलेले गुण भरवशाचे नसतात, अनेक निरीक्षकांनी अनेक पाठ पाहिले तरच त्यांवर विसंबता येते, असे त्यातून निष्पन्न झाले. शिक्षकांचे असे मूल्यमापन सेवाविषयक निर्णयांना जोडणाऱ्या एका मोठ्या उपक्रमाचे रँड या संस्थेने केलेले परीक्षण २०१८ मध्ये प्रसिद्ध झाले. विद्यार्थ्यांच्या प्रगतीत अपेक्षित वाढ झाली नाही, असा त्याचा निष्कर्ष होता. त्याच वर्षी मॅथ्यू क्राफ्ट व त्यांच्या सहकाऱ्यांनी शिक्षकांना वैयक्तिक मार्गदर्शन देण्याविषयीच्या ६० अभ्यासांचा आढावा प्रसिद्ध केला. ठराविक अवधीने पाठ पाहून, नेमक्या बाबींवर चर्चा करून पुन्हा पाठ पाहण्याच्या या पद्धतीचा परिणाम अध्यापनावर ०·४९ व विद्यार्थ्यांच्या संपादणुकीवर ०·१८ प्रमाण विचलन इतका आढळला. मोठ्या संख्येच्या शिक्षकांसाठी राबविलेल्या कार्यक्रमांत तो कमी होता; कारण चांगले मार्गदर्शक मोठ्या संख्येने मिळविणे कठीण असते. इंग्लंडमध्ये १९९२ च्या कायद्याने स्थापन झालेल्या ऑफस्टेड या तपासणी-संस्थेने २०१४ मध्ये एकेका पाठाला श्रेणी देणे बंद केले.

या इतिहासावरून असे दिसते, की पाहणे आणि सुधारणे यांचा संबंध आपोआप जुळत नाही. तो जुळण्यासाठी नोंद वस्तुस्थितीची असावी लागते, ती आधी शिक्षकाच्या हाती पडावी लागते आणि तिच्या आधारे पुन्हा प्रयत्न करण्याची संधी त्याला मिळावी लागते. शाळांचा हिशेब समाजाने मागू नये, असा याचा अर्थ नाही. ज्या शाळांकडे कोणी फिरकत नाही, तेथे नुकसान गरिबांच्या मुलांचेच होते, हे फुल्यांनी १८८२ मध्येच दाखवून दिले आहे. परंतु हिशेबाची वही आणि शिकण्याची वही एकच केली, तर शिक्षक दुसरीतही हिशेबापुरतेच लिहितो. या दोन वह्या वेगळ्या ठेवणे व दुसरीसाठी वर्गात मागे बसणारा विश्वासू सहकारी उपलब्ध करून देणे, ही शालेय व्यवस्थेची जबाबदारी होय.